गायरान आणि सरकारी रान

जोतीराव फुले यांचे नाव घेताच मुलींची शाळा आणि सत्यशोधक समाज आठवतो. वनांच्या प्रश्नाशी त्यांचे नाव सहसा जोडले जात नाही. वस्तुतः सरकारी रान आणि शेजारचे गाव यांचे नाते कसे असावे, या अद्याप न सुटलेल्या प्रश्नाचा त्यांनी मूलगामी विचार केला होता.

फुलमाळ्याच्या घराण्यात १८२७ साली त्यांचा जन्म झाला. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. चरितार्थासाठी त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली. शेतकऱ्याचा आणि मजुराचा जमाखर्च त्यांना ठाऊक झाला, तो असा प्रत्यक्ष व्यवहारातून.

१८७८ च्या वनकायद्याने विस्तीर्ण राने सरकारच्या ताब्यात आणली. ग्रामवनांची तरतूद कायद्यात होती, पण ती बहुतांशी कागदावरच राहिली. १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जोतीरावांनी या धोरणाचा ताळेबंदच मांडला. तुटपुंज्या जमिनीचा कुणबी पूर्वी उंबर-जांभळे खाऊन, पळस-मोहाची पानेफुले व लाकूडफाटा विकून आणि गायरानाच्या भरवशावर एखादी गाय, दोनचार शेळ्या पाळून तग धरीत असे. जंगल खात्याने हा आधारच काढून घेतला, हे त्यांचे गाऱ्हाणे होते.

त्यांनी सुचविलेला उपाय अर्थशास्त्राच्या दृष्टीने मार्मिक आहे. गायराने गावांना परत द्यावीत, मात्र विक्रीसाठी इमारती लाकूड तोडण्यास सक्त बंदी असावी, असे त्यांचे म्हणणे होते. निर्वाह आणि व्यापार यांतील भेद त्यांनी अचूक ओळखला होता. डोंगरउतारावरील कुजलेल्या पालापाचोळ्याचे सत्त्व वाहून जाऊ नये म्हणून जागोजाग बंधारे घालावेत, असेही त्यांनी सुचविले. रान व शेत हा त्यांच्या लेखी एकच संसार होता. गावाने वनाचा कारभार पाहावा अशी तपशीलवार योजना त्यांनी आखली नव्हती, हे खरे. परंतु तिचे बीज या विचारात आहे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव निवर्तले. शासनाने संयुक्त वनव्यवस्थापनाचे परिपत्रक काढले ते १९९० साली, म्हणजे तब्बल शंभर वर्षांनी. त्यातही राखण गावाची आणि अंतिम अधिकार खात्याचा, अशीच वाटणी राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र सामूहिक हक्क मान्य केला. त्यानुसार गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर हक्क मिळाला. तथापि स्वतःचा बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना हाती पडण्यास २०११ साल उजाडले.

ज्या रानात आपला वाटा नाही, त्याची राखण कोणी मनापासून करीत नाही. पहारेकऱ्यांची संख्या वाढवून ही उणीव भरून निघणार नाही. गावाला केवळ राखणदार नेमावयाचे, की उत्पन्नाचा आणि निर्णयाचा वाटेकरी करावयाचे, याचा निवाडा प्रत्येक गावाच्या शिवारात व्हावयाचा आहे. जोतीरावांचे स्मरण पुतळ्यापुरते ठेवावयाचे नसेल, तर तो टाळता येणार नाही.