पावलांनी देश मोजणारे गुरुजी

हीरक महोत्सवी अंकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा माझ्या मनात प्रथम नाव आले ते एका खेड्यातल्या शाळामास्तरांचे. नैनसिंह रावत यांचे.

कुमाऊँच्या उत्तर टोकाला, जोहार खोऱ्यातील मिलम गावी १८३० साली त्यांचा जन्म झाला. गाव हिमनदीच्या पायथ्याशी. तेथील लोक पिढ्यान् पिढ्या खिंडी ओलांडून तिबेटशी व्यापार करीत. त्यामुळे तिबेटी भाषा आणि रीतिरिवाज नैनसिंहांना बालपणापासूनच परिचित होते. तरुणपणी श्लागिंटवाइट या जर्मन बंधूंच्या मोहिमेत त्यांनी उपकरणे हाताळली आणि पुढे गावच्या शाळेत ते शिक्षक झाले.

त्या काळी तिबेट परकीयांना बंद होते. इंग्रजांच्या नकाशावर हिमालयापलीकडचा प्रदेश जवळजवळ कोराच होता. १८६३ साली भारतीय त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे कॅप्टन माँटगोमरी यांनी या शिक्षकास आणि त्यांचे चुलतबंधू मणिसिंह यांना देहरादूनला बोलावले. दोन वर्षे शिक्षण झाले. त्यातला सर्वांत कठीण धडा कोणता असेल, तर चालण्याचा! चढ असो वा उतार, पाऊल सारख्याच अंतरावर पडले पाहिजे. मैलाला सुमारे दोन हजार पावले. हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावले झाली की एक मणी ओढायचा. म्हणजे माळ पूर्ण झाली की पाच मैल सरले. प्रार्थनाचक्रात मंत्रांऐवजी टिपणांचे कागद, काठीत तापमापक, कवड्यांत पारा. पाणी किती अंशांवर उकळते यावरून ते ठिकाणाची उंची काढीत. आपल्या विद्यार्थ्यांना हे तत्त्व पुस्तकात भेटते. नैनसिंहांनी ते बर्फाळ वाऱ्यात, ओळखले जाण्याच्या भीतीखाली वापरले.

१८६५ साली निघून नेपाळमार्गे ते जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचले. वाटेत पैसे संपले, तेव्हा नेपाळी दुकानदारांना हिशेब शिकवून त्यांनी पोट भरले. (शिक्षकाची विद्या कुठेही उपाशी ठेवत नाही, असे मला हे वाचताना वाटले.) विनापरवाना शहरात आलेल्या एका चिनी माणसाचा शिरच्छेद त्यांनी तिथे पाहिला. तरीही रात्री तारे न्याहाळून ल्हासाचे अक्षांश त्यांनी निश्चित केले. परत आले तेव्हा सुमारे बाराशे मैलांचा, म्हणजे सुमारे चोवीस लाख पावलांचा हिशेब त्यांच्यापाशी होता. पुढे १८६७ मध्ये पश्चिम तिबेटातील ठोक जालुंगच्या सोन्याच्या खाणी, आणि १८७४-७५ मध्ये लेहहून ल्हासा व तवांगमार्गे थेट आसाम. या वाटचालीत त्सांगपो नदीच्या मार्गाचा बराच भाग नकाशावर आला.

हे काम परक्या सत्तेसाठी होते, ही गोष्ट झाकू नये. गुप्ततेपायी अहवालांत त्यांचे नाव नव्हते. ते केवळ 'पंडित' होते. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने सुवर्णपदक दिले. आपल्या डाक विभागाने तिकीट काढले ते मात्र २००४ मध्ये.

एक कबुली देते. परीक्षा जवळ आली की भूगोलाचा तास गणिताला देण्याचे पाप माझ्याही हातून घडले आहे. मुलांच्या खिशात नकाशा आहे, मग शिकवायचे काय, असे पालकही विचारतात. गेल्या वर्षी सातवीच्या मुलांना मी शाळेचे पटांगण पावलांनी मोजावयास लावले. प्रत्येकाचे उत्तर निराळे आले! का, यावर वर्गात जो वाद पेटला, तो घंटा झाल्यावरही थांबेना.

नैनसिंहांची प्रकृती त्या शेवटच्या प्रवासाने ढासळली, दृष्टीही मंदावली. मग ते पुन्हा मूळ व्यवसायाकडे वळले. नव्या सर्वेक्षकांना पाऊल मोजून टाकावयास शिकवू लागले. त्यांचे चुलतबंधू किशनसिंह पुढे ल्हासाच्याही पलीकडे, मंगोलियाच्या दिशेने दूरवर चालत गेले.