मायकेल फॅरडे : अल्टरनेटरमागचा शास्त्रज्ञ

बॅटरी नवी असूनही सकाळी गाडी सुरू होत नाही, तेव्हा दोष अनेकदा ती चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये असतो. अल्टरनेटर ज्या तत्त्वावर चालतो, ते मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधले. पेट्रोलवरची मोटारगाडी तेव्हा अर्धशतक दूर होती.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन येथे एका लोहाराच्या घरी झाला. लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब एवढेच शालेय शिक्षण. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागले. बांधायला आलेली पुस्तके ते वाचून काढत. १८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने त्यांना रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडे यांनी टिपणे काढली, ती बांधली आणि डेव्हींकडे पाठवली. पुढच्याच वर्षी त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत सहायकाची जागा मिळाली.

विजेमुळे चुंबकत्व निर्माण होते, हे १८२० मध्ये कळले होते. मग चुंबकापासून वीज मिळेल का? १७ ऑक्टोबर १८३१ रोजी फॅरडे यांनी तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक सरकवला. जोडलेल्या यंत्राची सुई हलली. चुंबक आत स्थिर ठेवला, सुई जागेवर आली. बाहेर ओढला, ती उलट दिशेला हलली. चुंबक नुसता असून भागत नाही, तो हलावा लागतो, हे सिद्ध झाले.

१८४० च्या सुमारास त्यांना चक्कर येऊ लागली, स्मरणशक्ती दगा देऊ लागली. काही वर्षे संशोधन जवळजवळ थांबले. अशा अवस्थेत कामी आली ती प्रत्येक निरीक्षण क्रमांक घालून वहीत उतरवण्याची सवय. विश्रांतीनंतर १८४५ मध्ये त्यांनी चुंबकाचा प्रकाशावर होणारा परिणाम दाखवला. १८५८ मध्ये इंग्लंडच्या साउथ फोरलँड दीपगृहात वाफेच्या इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राने दिवा लागला, तो तपासण्याचे कामही त्यांच्याकडेच होते. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले.

आजच्या अल्टरनेटरमध्येही वेटोळी स्थिर असतात आणि त्यांच्या आत विद्युतचुंबक फिरतो. त्याला फिरवतो इंजिनाचा बेल्ट. दिशा बदलणारी वीज डायोड एका दिशेला वळवतात, व्होल्टेज रेग्युलेटर सांभाळतो. त्यामुळे तपासणी बेल्ट ढिला आहे का आणि बॅटरीचे टर्मिनल गंजले आहेत का, इथून सुरू करावी. मग मल्टिमीटर लावावा. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू झाल्यावर बहुतेक गाड्यांत हा आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान जातो. काही नव्या गाड्यांत संगणक तो कमीजास्त करतो. आकडा वाढलाच नाही, तर अल्टरनेटर, रेग्युलेटर किंवा वायरिंग तपासावे. १५ च्या पुढे गेला, तर रेग्युलेटरवर संशय घ्यावा. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून पाहणे टाळावे. व्होल्टेज उसळून इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

अल्टरनेटर बदलावाच लागला, तर नवा किमान मूळच्याइतक्या अँपिअरचा असावा. बसवण्याची जागा, पुली आणि कनेक्टर जुन्याशी जुळवून घ्यावेत. जादा दिवे किंवा मोठी साउंड सिस्टीम बसवली असेल, तर जास्त अँपिअरचा अल्टरनेटर आणि त्याला पेलेल अशी जाड केबल लागते.

अंदाजाने सुटे भाग बदलत बसण्यापेक्षा आधी मोजावे आणि आकडे लिहून ठेवावेत. स्मरणशक्ती साथ सोडत असतानाही फॅरडे यांनी हीच शिस्त पाळली होती.