मॅक्रोचे आजोबा

सोलापुरी चादर नसलेली एक तरी खोली आपल्या हॉस्टेलवर शोधून दाखवा! माझी चादर फर्स्ट इयरला आईने बॅगेत कोंबून दिली होती. तिचा आणि आपल्या कॅड लॅबचा काही संबंध असेल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

झालं असं, की ऑटोकॅडच्या सबमिशनला बारा शीट्स होत्या. प्रत्येकीवर तेच लेअर, तीच बॉर्डर, तोच टायटल ब्लॉक. रूम पार्टनरने अ‍ॅक्शन रेकॉर्डर दाखवला. रेकॉर्ड चालू करायचं, एका शीटवर सगळं हाताने करायचं, थांबवायचं आणि फाईलला नाव द्यायचं. पुढच्या शीटवर ती फाईल चालवली की काम आपोआप! मी पटापट उरकलं आणि मेहरूण तलावावर फिरायला गेलो. रात्री बघतो तर काय, बाराही शीट्सवर शीट नंबर १! रेकॉर्ड करताना टाइप केलेला आकडाही मॅक्रोने इमानदारीने जपला होता.

ही आयडिया मुळात कुणाची, म्हणून लायब्ररीत शोधलं आणि जोसेफ मारी जॅकार्ड भेटला.

जॅकार्डचा जन्म ७ जुलै १७५२ ला फ्रान्समधल्या लिऑन शहरात झाला. वडील रेशमाचे विणकर. शाळेत तो गेलाच नाही. लिहिणं-वाचणं छपाईचा धंदा असलेल्या मेहुण्याने शिकवलं. त्या काळी नक्षी विणायची तर मागावर दोन माणसं लागत. विणकर धोटा फेकणार आणि एक पोरगा प्रत्येक ओळीला ठरलेल्या दोऱ्या ओढून ताण्याचे नेमके धागे उचलणार. दिवसभर हेच. कपडा पुन्हा विणायचा तर सगळ्या ओढी पुन्हा पहिल्यापासून!

या ओढी कुठेतरी नोंदवून ठेवायची कल्पना एकट्या जॅकार्डची नव्हती. १७२५ मध्ये बुशाँने छिद्रं पाडलेला कागद वापरला, पुढे फाल्काँने पुठ्ठ्याची कार्डं आणली, वोकान्साँने स्वयंचलित माग केला. जॅकार्डने पॅरिसमध्ये वोकान्साँचा माग अभ्यासला आणि १८०४ च्या सुमारास सगळं जुळवून आणलं. बाण्याच्या एका ओळीला एक कार्ड. छिद्र असेल तिथे सुई आत जाते आणि धागा उचलला जातो. नसेल तिथे धागा खालीच राहतो. कार्डं ओवून माळ केली की नक्षी हवी तितक्या वेळा विणा. आणि एक छिद्र चुकलं, तर चूकही तितक्याच वेळा! माझा शीट नंबर आठवला.

सरकारने हा माग सर्वांसाठी खुला केला. जॅकार्डला पेन्शन आणि प्रत्येक मागामागे रॉयल्टी मिळाली. १८१२ पर्यंत फ्रान्समध्ये असे ११,००० माग लागले होते. पण दोरी ओढणाऱ्यांचं पोट त्या दोरीवरच होतं. लिऑनच्या विणकरांनी कडाडून विरोध केला. माग फोडले, त्याच्या अंगावरही धावून गेले, असं सांगतात. त्यांचा राग मला चूक वाटत नाही. कंटाळवाणं काम यंत्राने केलं याचा आनंद मला झाला, कारण माझी त्यात रोजी नव्हती.

७ ऑगस्ट १८३४ ला जॅकार्ड वारला. १८३९ मध्ये त्याचंच चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली! त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजकडे होती. बॅबेजने आपल्या ॲनालिटिकल इंजिनासाठी कार्डांचीच पद्धत घेतली. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हॉलरिथने छिद्रांची कार्डं वापरली आणि पुढे अनेक वर्षं कॉम्प्युटरला प्रोग्रॅम कार्डांवरूनच दिले गेले. आणि आपल्या चादरीवरची नक्षी? तीही जॅकार्ड मागावरचीच.

मी मॅक्रो सुधारला. शीट नंबरपाशी तो आता थांबतो आणि आकडा मलाच विचारतो. ज्युनियर्सना फाईल हवी असेल तर पेनड्राइव्ह घेऊन खोलीवर या, फुकट मिळेल. फक्त चालवण्याआधी आत काय रेकॉर्ड केलंय ते एकदा बघून घ्या, नाहीतर बाराही शीट्सवर माझंच नाव येईल!