व्यसनाकडे आजार म्हणून पाहणाऱ्या डॉ. अनिता अवचट

पुणे : व्यसन हा स्वभावदोष नसून उपचारांची गरज असलेला आजार आहे, हा विचार महाराष्ट्रात रुजविणाऱ्यांत डॉ. अनिता अवचट अग्रणी होत्या. येरवडा मनोरुग्णालयात त्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांविषयी त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी केलेल्या लेखनाने पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे व्यथित झाले. त्यांच्या अर्थसाहाय्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झाले. औषधोपचारांना समुपदेशनाची व कुटुंबीयांच्या सहभागाची जोड देण्यात आली. व्यसनमुक्त झालेले रुग्णच तेथे कार्यकर्ते झाले. १९९७ मध्ये डॉ. अवचट यांचे कर्करोगाने निधन झाले. कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी हे कार्य पुढे नेले.