जहाजं वाचवायला निघालेला हम्फ्री डेव्ही फसला, पण त्याच नियमावर आज घरावरचा पत्रा टिकतोय

नाशिक जिल्ह्याच्या पार पश्चिमेला, गुजरातच्या सीमेला लागून सुरगाणा तालुका आहे. सह्याद्रीच्या डोंगररांगांमधला हा आदिवासी पट्टा. जूनमध्ये पाऊस लागला की पुढचे तीन-चार महिने छपराला उसंत नसते. साधा लोखंडी पत्रा अशा पावसात टाकला, तर काही पावसाळ्यांतच त्याची चाळण होईल. पण दुकानात मिळणारा चंदेरी जीआय पत्रा वर्षानुवर्षं टिकतो. जीआय म्हणजे गॅल्व्हनाइज्ड आयर्न, सोप्या भाषेत जस्ताचा थर चढवलेलं लोखंड.

आता गंमत बघा. लोखंडावर रंग दिला आणि तो उडाला, तर तिथून गंज सुरू होतो. जीआय पत्र्यावर बारीक ओरखडा पडून आतलं लोखंड उघडं पडलं, तरी तिथे लगेच गंज चढत नाही. कारण जस्त लोखंडाला नुसतं झाकत नाही, तर त्याच्या जागी स्वतः झिजतं.

एका धातूने दुसऱ्यासाठी झिजायचं, ही युक्ती मुद्दाम वापरून पाहणारा पहिला शास्त्रज्ञ म्हणजे हम्फ्री डेव्ही. आणि या युक्तीनेच त्याची सगळ्यात मोठी फजितीही केली.

लाकडावर नक्षी कोरणाऱ्याचा पोरगा

डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ चा, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरच्या पेन्झान्स गावातला. वडील लाकडावर कोरीव काम करायचे. १७९४ मध्ये ते वारले आणि मागे कर्ज ठेवून गेले. पाच भावंडांत हम्फ्री थोरला. पुढच्याच वर्षी तो गावातल्या एका सर्जनकडे उमेदवारीला लागला. तिथे औषधं बनवता बनवता त्याला रसायनशास्त्राची गोडी लागली. कॉलेजचं तोंड न बघता तो फ्रेंच शास्त्रज्ञ लॅव्हॉझिएचं पुस्तक वाचून शिकला.

१७९८ मध्ये तो ब्रिस्टलच्या एका संस्थेत गेला. वायूंनी रोग बरे होतात का, हे तिथे तपासलं जायचं. डेव्ही एकेक वायू स्वतःच हुंगून बघायचा. त्यातूनच नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅसवरचं त्याचं पुस्तक १८०० मध्ये आलं. हा वायू शस्त्रक्रियेत वेदना कमी करायला वापरता येईल, असं त्यात सुचवलेलं होतं. डॉक्टरांनी ते मनावर घ्यायला आणखी चाळीसेक वर्षं लागली.

व्होल्टाची चळत हाती आली आणि...

त्याच वर्षी, १८०० मध्ये, इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने जगातली पहिली बॅटरी जाहीर केली. दोन वेगळ्या धातूंच्या चकत्या, मध्ये खारट पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशा जोड्यांची चळत. त्यातून सलग वीज मिळू लागली.

ही वीज येते कुठून? दोन धातू एकमेकांना टेकले एवढं कारण व्होल्टाला पुरेसं वाटत होतं. डेव्हीचं म्हणणं वेगळं होतं. बॅटरीत रासायनिक क्रिया होते, म्हणून वीज मिळते. मग उलटही व्हायला हवं. वीज सोडली, तर घट्ट जुळलेली संयुगं फुटायला हवीत.

१८०१ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला. त्याच्या व्याख्यानांना लोक गर्दी करू लागले. पण खरा धमाका ऑक्टोबर १८०७ चा. वितळलेल्या पोटॅशमधून त्याने वीज सोडली आणि पाण्यावर टाकताच पेटणारा एक मऊ धातू वेगळा केला. हे पोटॅशियम. काही दिवसांतच सोडियम मिळालं. १८०८ मध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम आणि स्ट्रॉन्शियमचा नंबर लागला.

हे धातू तोवर कुणाला वेगळे का करता आले नव्हते? कारण इलेक्ट्रॉन सोडून देण्याची त्यांची ओढ जबरदस्त असते. एकदा सोडलेले इलेक्ट्रॉन त्यांना परत घ्यायला लावणं भट्टी आणि कोळशाच्या नेहमीच्या पद्धतींनी जमत नव्हतं. ते काम विजेने केलं.

इलेक्ट्रोड पोटेन्शियल म्हणजे काय?

हीच ओढ मोजण्याच्या मापाला आज इलेक्ट्रोड पोटेन्शियल म्हणतात. हायड्रोजनला शून्य धरायचं आणि बाकीच्यांची त्याच्याशी तुलना करायची. आकडा जितका उणे, तितकी इलेक्ट्रॉन सोडायची तयारी जास्त.

- पोटॅशियम: उणे २.९३ व्होल्ट
- जस्त: उणे ०.७६ व्होल्ट
- लोखंड: उणे ०.४४ व्होल्ट
- तांबं: अधिक ०.३४ व्होल्ट

जस्त आणि तांब्याचा विद्युतघट केला, तर फरक १.१० व्होल्ट. १८३६ मध्ये जॉन डॅनियलने बनवलेला प्रसिद्ध घट याच जोडीचा. डेव्हीकडे हे आकडे नव्हते, पण धातूंचा क्रम त्याला पक्का ठाऊक होता.

नौदलाचं दुखणं

डेव्हीला १८१२ मध्ये सर ही पदवी मिळाली. १८१५ मध्ये त्याने खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा बनवला आणि त्याचं पेटंट घेतलं नाही. १८२० मध्ये तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. त्यानंतर तीन वर्षांनी ब्रिटिश नौदल त्याच्याकडे एक अडचण घेऊन आलं.

लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकलेला असायचा आणि समुद्राच्या पाण्यात तो झिजायचा. डेव्हीचा उपाय सोपा होता. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा छोटा तुकडा जोडा. खारं पाणी मध्ये असल्यामुळे जहाजाचा तळ म्हणजे एक मोठा विद्युतघटच होतो. इलेक्ट्रॉन सोडायचं काम जस्त करेल आणि तांबं शाबूत राहील.

१८२४ मध्ये समरँग या युद्धनौकेवर हा प्रयोग झाला. ही नौका आपल्याकडच्या कोचीनमध्ये सागवानात बांधलेली. लोखंडाचे तुकडे जोडून ती कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियाला जाऊन आली. तांबं खरंच वाचलं.

पण मग इतर जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपल्यांसारखे जीव चिकटू लागले आणि वेग मंदावला. झालं असं होतं की तांबं झिजताना पाण्यात जे सुटायचं, ते या जीवांसाठी विष होतं. डेव्हीने झीज थांबवली आणि विषही थांबलं! १८२५ मध्ये नौदलाने हे तुकडे काढून टाकायला लावले. डेव्हीचं रसायन अचूक होतं, समुद्रातल्या जिवांचा हिशेब तेवढा राहून गेला होता.

शेवटची वर्षं

१८१३ मध्ये त्याने मायकेल फॅरडे या पुस्तक बांधणाऱ्या पोराला मदतनीस म्हणून घेतलं होतं. १८२४ मध्ये तोच फॅरडे रॉयल सोसायटीत निवडला जाताना डेव्हीने विरोध केला. फॅरडे तरीही निवडून आला. १८२६ च्या अखेरीस डेव्हीला पक्षाघात झाला, पुढच्या वर्षी अध्यक्षपद सुटलं. २९ मे १८२९ रोजी, वयाच्या पन्नाशीत तो जिनिव्हात वारला.

मग पत्र्याचं काय?

१८३७ मध्ये फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेलने वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. जस्त उणे ०.७६, लोखंड उणे ०.४४. पावसाचं पाणी पडलं की ओरखड्यापाशी बारीकसा विद्युतघट तयार होतो आणि झिजायची पाळी जस्ताची येते.

म्हणूनच पत्रा बसवताना दोन गोष्टी पाळा. साध्या लोखंडी खिळ्यांऐवजी जस्ताचा थर असलेले स्क्रू वापरा, नाहीतर खिळ्याभोवतीचं जस्त आधी संपतं. आणि तांब्याची उघडी तार पत्र्याला टेकू देऊ नका. तांबं त्या यादीत पार दुसऱ्या टोकाला आहे, त्यामुळे ओल लागली की पत्र्याची झीज आणखी वाढते.

डेव्हीची मूळ युक्तीही वाया गेली नाही. आजच्या पोलादी जहाजांच्या तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. ते झिजले की बदलतात. शेवाळ आणि शिंपल्यांसाठी मात्र वेगळा रंग द्यावा लागतो.