डॉक्टर शार्को

डहाणूच्या औष्णिक वीज केंद्रात तयार होणारी वीज उंच मनोऱ्यांवरच्या तारांतून मुंबईकडे जाते. डहाणू-तलासरीतील आपल्या घरांतही वीज असते. पण घरातील वायर उघडी नसते. तिच्यावर प्लॅस्टिकचे वेष्टन असते. उंदराने हे वेष्टन कुरतडले, तर दिवा मिणमिणतो, पंखा मध्येच थांबतो. कधी कधी काहीच चालत नाही.

मुलांनो, आपल्या शरीरातही अशा वायरी आहेत. त्यांना मज्जातंतू म्हणतात. बोलताना आपण त्यांना नसा म्हणतो. मेंदूचा हुकूम या तंतूंतून हातापायांपर्यंत जातो. डोळ्यांनी पाहिलेले आणि त्वचेला जाणवलेले याच मार्गाने मेंदूकडे येते. या तंतूंवर मायेलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते. त्यामुळे निरोप वेगाने पोहोचतो. काही माणसांच्या मेंदूत, डोळ्यांच्या नसांत आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत हे वेष्टन ठिकठिकाणी नष्ट होते. तेथे कठीण डाग पडतात. या रोगाला मल्टिपल स्क्लेरोसिस असे नाव आहे. मल्टिपल म्हणजे अनेक आणि स्क्लेरोसिस म्हणजे कठीण होणे. जगाला या रोगाची नीट ओळख करून दिली फ्रान्सचे डॉक्टर झाँ मार्तां शार्को यांनी.

शार्को यांचा जन्म 29 नोव्हेंबर 1825 रोजी पॅरिस शहरात झाला. त्यांचे वडील घोडागाड्या बनवत असत. घरची श्रीमंती नव्हती. शार्को लहानपणी फारसे बोलत नसत, पण चित्रे फार सुंदर काढत. चित्रकार व्हावे की डॉक्टर, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. अखेर त्यांनी वैद्यकशास्त्र निवडले. चित्रकाराची नजर मात्र त्यांच्यापाशी जन्मभर राहिली. इतरांना जे दिसत नसे, ते त्यांना दिसे.

1853 मध्ये ते डॉक्टर झाले. 1862 मध्ये पॅरिसमधील साल्पेत्रिएर या मोठ्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. त्या जागी पूर्वी बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. दारूसाठी लागणाऱ्या सोऱ्यावरूनच त्या जागेला हे नाव पडले. पुढे तेथे गरीब, वृद्ध, अपंग आणि मनोरुग्ण स्त्रियांना ठेवू लागले. शार्को तेथे गेले तेव्हा अशा हजारो स्त्रिया तेथे राहत होत्या. कोणाचे हात थरथरत, कोणाला चालता येत नसे, कोणाची जीभ अडखळे. या स्त्रिया बऱ्या होणार नाहीत, असे समजून कोणी त्यांच्याकडे फारसे लक्ष देत नसे. नाव कमवायची इच्छा असलेले तरुण डॉक्टर अशा ठिकाणी राहायला तयार नसत.

शार्को मात्र तेथेच राहिले. आपले मित्र डॉक्टर व्ह्युल्पियां यांच्यासोबत ते एकेका दालनात फिरले. प्रत्येक स्त्रीला त्यांनी नीट तपासले. तिचा आजार केव्हा सुरू झाला, आधी काय बिघडले, नंतर काय बिघडले, हे सारे त्यांनी लिहून ठेवले. एकाच रुग्णाला ते वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा पाहत. रुग्ण मरण पावल्यावर शवविच्छेदन करून मेंदू आणि मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. जिवंतपणी दिसलेले लक्षण आणि आत सापडलेला बिघाड यांची ते सांगड घालत.

त्या काळी थरथरणाऱ्या सर्व रुग्णांना डॉक्टर एकाच माळेत ओवत. शार्को यांनी त्यांच्यातील फरक ओळखला. काही रुग्णांचा हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असतानाही थरथरतो. तो एक रोग. इंग्लंडचे डॉक्टर पार्किन्सन यांनी त्याचे वर्णन आधीच केले होते, म्हणून शार्को यांनी त्याला पार्किन्सन यांचेच नाव दिले. दुसऱ्या रुग्णांचा हात स्वस्थ असताना शांत असतो, पण पाण्याचा पेला उचलून ओठांकडे नेताना थरथरू लागतो. तो रोग वेगळा. अशा रुग्णांची बुबुळे हलत राहतात आणि त्यांचे बोलणे तुटक, एकेक अक्षर सुटे केल्यासारखे होते. 1868 मध्ये शार्को यांनी आपल्या व्याख्यानांत या रोगाचे सविस्तर वर्णन केले. हाच मल्टिपल स्क्लेरोसिस. त्याचे डाग क्र्यूवेल्ये आणि कार्सवेल या डॉक्टरांनी पूर्वीच पाहिले होते व त्यांची चित्रेही काढली होती. शार्को यांनी त्यांचे श्रेय त्यांना दिले.

त्यांच्याविषयी एक हकिकत त्यांचे शिष्य सिग्मंड फ्रॉइड यांनी लिहून ठेवली आहे. एका मोलकरणीचे हात थरथरत. तिच्या हातून वस्तू पडत, म्हणून तिला कोणी कामावर ठेवीना. शार्को यांनी तिला आपल्या घरी काम दिले. तिने कितीतरी बशा आणि थाळ्या फोडल्या, पण त्यांनी तिला काढले नाही. तिच्या मृत्यूनंतर तपासणी केली तेव्हा मेंदूत व मज्जारज्जूत तेच डाग आढळले. डॉक्टर जो आजार निराळा समजत होते, तो हाच रोग होता. लोक जिला वेंधळी म्हणत होते, ती बाई वेंधळी नव्हती, आजारी होती.

शार्को यांची कीर्ती दूरदूर पसरली. 1882 मध्ये त्यांच्यासाठी मज्जासंस्थेच्या रोगांचे खास अध्यापकपद निर्माण झाले. देशोदेशीचे डॉक्टर त्यांची व्याख्याने ऐकायला येत. शार्को यांच्याही चुका झाल्या. उन्माद आणि संमोहन यांविषयीची त्यांची अनेक मते पुढे टिकली नाहीत. मल्टिपल स्क्लेरोसिसवर त्यांनी त्या काळची अनेक औषधे वापरून पाहिली, पण एकाचाही गुण आला नाही. आपल्याकडे इलाज नाही, हे त्यांनी लपवले नाही आणि रुग्णांना पाहणेही सोडले नाही. 16 ऑगस्ट 1893 रोजी, प्रवासात असताना, त्यांचे निधन झाले.

त्यानंतर शंभर वर्षांनी, 1993 मध्ये, या रोगाचे झटके कमी करणाऱ्या इंटरफेरॉन बीटा या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. आता आणखीही औषधे आहेत. रोग मुळापासून नाहीसा करणारे औषध अजून मिळालेले नाही, पण त्याची वाढ रोखता येते. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच चुकून मायेलिनवर हल्ला करते, हे आता समजले आहे. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. तो बहुधा तरुण वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होतो.

भारतात हा रोग युरोपपेक्षा कमी आढळतो. मुंबईचे मज्जातंतुतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी मुंबई-पुण्यातील पारशी समाजाचा अभ्यास केला. तेथे हा रोग इतर भारतीयांपेक्षा जास्त दिसतो, असे आढळले. 1985 मध्ये मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू झाली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या रोगाची नोंद आहे.

मुलांनो, या रोगाचा माणूस एक दिवस नीट चालतो, तर दुसऱ्या दिवशी त्याचे पाय जड होतात. उन्हाळ्यात त्याचा त्रास वाढतो. तो लवकर थकतो. बाहेरून मात्र तो धडधाकट दिसतो. म्हणून लोक त्याला आळशी म्हणतात, ढोंगी म्हणतात. कोणी बाहेरची बाधा झाली असेही म्हणतात. डहाणू असो, तलासरी असो की पॅरिस, अशा बोलण्याने आजारी माणसाचे दुःख दुप्पट होते. आपल्या आसपास कोणाची नजर अचानक अंधुक झाली, हातपाय बधिर झाले, तोल जाऊ लागला, तर त्याला नावे ठेवू नका. त्याला लवकर डॉक्टरांकडे न्यायला घरच्यांना सांगा. शार्को यांच्याजवळ या रोगाचे औषध नव्हते. तरीही त्यांनी दुर्लक्षित स्त्रियांकडे नीट पाहिले, आणि पुढच्या सर्व उपचारांची वाट तेथूनच सुरू झाली.