संत पॅट्रिक : कुलीन नावाचा गुलाम

दरवर्षी १७ मार्च रोजी जगभरातील आयरिश लोक ज्यांचा स्मृतिदिन साजरा करतात, ते संत पॅट्रिक जन्माने आयरिश नव्हते. रोमन ब्रिटनमधील एका सुखवस्तू ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील कॅल्पुर्निअस नगरसभेचे सदस्य व चर्चमधील डीकन होते, तर आजोबा पोटिटस धर्मगुरू होते. मुलाचे पॅट्रिसिअस हे लॅटिन नावही घराण्याला साजेसेच होते; त्याचा अर्थ 'कुलीन'.

सोळाव्या वर्षी आयरिश लुटारूंनी या कुलीन मुलाला पकडून नेले आणि तो गुलाम झाला. सहा वर्षे त्याने परक्याची गुरेढोरे राखली. घरी असताना ज्या धर्माकडे फारसे लक्ष दिले नव्हते, त्याचाच आधार त्याला थंडीपावसात मिळाला. अखेरीस सुमारे २०० मैलांची वाट तुडवून त्याने जहाज गाठले आणि सुटका करून घेतली. पुढे स्वप्नात आयरिश लोकांची हाक ऐकू आल्याने हेच पॅट्रिक बिशप होऊन, आप्तांचा विरोध पत्करून, त्याच बेटावर परतले.

त्यांच्या जीवनाचा भरवशाचा आधार म्हणजे त्यांनी स्वतः लॅटिनमध्ये लिहिलेले दोन लेख. त्यांत ना साप हाकलल्याची कथा आहे, ना तीन पानांच्या शॅमरॉकची. हिमयुगानंतर आयर्लंडमध्ये मुळात सापच नव्हते. 'कन्फेसिओ' या लेखात त्यांनी टीकाकारांना उत्तर दिले आहे. किशोरवयातील एक चूक त्यांनी विश्वासाने मित्राला सांगितली होती. तीच तीस वर्षांनंतर त्यांच्याविरुद्ध वापरली गेली. आपले शिक्षण अपुरे राहिल्याची सलही त्यात जागोजागी जाणवते. ते स्वाभाविकच होते, कारण ज्या वयात इतर मुले अभ्यास करत होती, त्या वयात ते रानात होते.

दुसरा लेख अधिक धारदार आहे. कोरोटिकस नावाच्या सरदाराच्या सैनिकांनी नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या आयरिश स्त्रीपुरुषांवर हल्ला करून काहींना ठार मारले, तर काहींना गुलाम म्हणून नेले. बंदिवानांना सोडवण्यासाठी पाठवलेल्या धर्मगुरूची त्यांनी टर उडवली. तेव्हा पॅट्रिक यांनी जाहीर पत्र लिहून या सैनिकांशी कोणीही अन्नपाण्याचा व्यवहार ठेवू नये, असे बजावले. इतरांच्या हितासाठी आपण आपली कुलीनता विकली, असेही त्यांनी या पत्रात म्हटले आहे. त्यांच्या नावाचा अर्थ ठाऊक असलेल्याला हे वाक्य अधिकच भिडते.

आयरिश जिभेवर या नावाचे रूप पालटले. तत्कालीन भाषेत 'प' हा ध्वनी नव्हता. त्यामुळे नावाचे 'कोथ्रिगे' झाले, असे भाषाभ्यासक सांगतात. सातव्या शतकातील चरित्रकार टिरेखान याने मात्र या रूपाचा संबंध 'चार' या शब्दाशी जोडला आणि पॅट्रिक यांनी चार घरांची चाकरी केली, असा अर्थ लावला. 'पाद्रिग' हे रूप नंतर रूढ झाले.

संतांविषयीचा आदर इतका होता की आयरिश लोक दीर्घकाळ मुलांना हे नाव थेट देत नसत. 'गिला पाद्रिग', म्हणजे पॅट्रिकचा सेवक, असे ठेवत. फिट्झपॅट्रिक हे आडनाव त्यातूनच आले आहे.